पोस्टरवरच्या पोरीचा बाप

आमच्या ब्रॅकेनशॉत, इंग्लंडातल्या कापडगिरण्यांच्या गावात, काजळी फुकट मिळायची, बाकी सगळ्यासाठी घाम गाळावा लागायचा. गिरण्यांची धुराडी पहाटेपासून ओकत असत. सकाळी दोरीवर पांढरा घातलेला सदरा दुपारी करडा होऊन घरात यायचा आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. अशा गावात निळा रंग बघायचा तर एकच जागा, स्टेशनाच्या जिन्याशेजारची लांब भिंत. तिथे रेल्वेची पोस्टरं लागत. निळाशार समुद्र, पिवळीधमक वाळू, पट्ट्यापट्ट्यांच्या छत्र्या आणि खाली ठसठशीत अक्षरांत त्या किनाऱ्याचं नाव. ती पोस्टरं लावायचा एनॉक पिलिंग.

'लावायचा' म्हटलं की लोकांना वाटतं, त्यात काय एवढं, खळ फासली आणि कागद थापला. थापून बघा म्हणावं! शेजारच्या स्टेशनांवरची पोस्टरं पाहिली की रडू यायचं. समुद्राला पोपडे, आकाशात फुगे, बोटीचं शीड अर्धं लोंबतंय. एनॉकचं तसं नव्हतं. खळ तो स्वतः शिजवायचा, मैदा, पाणी आणि चिमूटभर तुरटी घालून, आणि गुठळी राहिली तर सगळं पातेलं ओतून पुन्हा चूल पेटवायचा. कागद आधी ओलवून मऊ करून घ्यायचा, नाहीतर भिंतीवर चढल्यावर तो ताणतो आणि सुरकुततो. मग रुंद कुंचा घेऊन वरून खाली, मधून कडेला. आणि दर शनिवारी ओल्या फडक्याने सगळ्या पोस्टरांवरची काजळी हलक्या हाताने टिपून काढायचा. हे कंपनीने सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर कदाचित केलंही नसतं, असा माणूस.

लहानपणीच तो गिरणीत लागला होता. साच्यांच्या, म्हणजे कापड विणायच्या मागांच्या, खडखडाटात वाढला, आणि साच्यांनी त्याचे कान हळूहळू खाल्ले. पुढे छातीत कापूस बसला, खोकला सुटेना, तेव्हा डॉक्टरने गिरणी सोडायला लावली आणि रेल्वेने पदरात घेतलं. बहिरा माणूस रुळांजवळ कसा ठेवायचा? म्हणून दिवे पुसणं, फलाट झाडणं आणि पोस्टरं लावणं, एवढंच काम.

पण बहिरेपणाचं त्याला आमच्या गावात कधी काही अडलं नाही. विणखात्यात एवढा आवाज असतो की शेजारच्या बाईने कानाशी येऊन बोंब मारली तरी ऐकू जात नाही. म्हणून आमची माणसं आवाज न काढता बोलतात. तोंड भरपूर उघडायचं, ओठ ताणायचे, शब्द चेहऱ्यावर मांडायचा. गिरणीतली सवय घरी येते, बाजारात येते. रस्त्याच्या या फुटपाथवरची बाई त्या फुटपाथवरच्या बाईला तिच्या नवऱ्याची अख्खी कुंडली सांगते आणि मधून जाणाऱ्या परगावच्या माणसाला पत्ता लागत नाही. सगळ्या गावाला ओठ वाचता येतात, तिथे एनॉकच्या कानांची कुणाला पडलीय!

एक खोड मात्र त्याची फार वाईट. रागावला की तो ओरडायचा नाही, मान वळवायचा. बस. तुम्ही बोंबलत बसा. समोरच्याचं तोंड दिसलंच नाही तर ऐकायचा प्रश्नच मिटला.

"ह्याच्याशी भांडायचं म्हणजे आधी ह्याच्याभोवती गोल फिरायचं," त्याची बायको सेलिना म्हणायची. "अर्धं भांडण तर चालण्यातच संपतं."

त्यांना एकच मुलगी, क्लॅरिस. वयाने विशीची, चार साचे एकटी चालवणारी, आणि जिभेला हाड नसलेली. म्हणजे ओठांना म्हणू हवं तर. तिचं मूक बोलणं एवढं स्वच्छ की विणखात्याच्या पार त्या टोकाच्या बायका तिचे विनोद वाचून हसायच्या आणि धागे तुटायचे.

आता मार्नसीबद्दल. ऑगस्टात गावातल्या सगळ्या गिरण्या एकदम आठवडाभर बंद होत आणि सगळं ब्रॅकेनशॉ उठून मार्नसीच्या समुद्रावर जाई. दरवर्षी तीच घरमालकीण, तीच खोली, आणि शेजारच्या खोलीत आपलेच शेजारी. बटाटे, चहा, साखर आपली आपण न्यायची, बाईने ती ज्याच्या त्याच्या फडताळात ठेवायची आणि शिजवून द्यायची. पिलिंग मंडळी टनिक्लिफबाईंकडे उतरत.

गेल्या ऑगस्टात क्लॅरिसने पोहण्याचा लाल पोशाख नेला होता. बाह्या नाहीत, मांड्यांपर्यंत पाय उघडे. त्या वर्षी निम्म्या पोरींनी तसलेच नेले होते, म्हणा. पण एनॉक चॅपलचा, म्हणजे कर्मठ प्रार्थनाघराचा माणूस, वाळूतसुद्धा काळा कोट आणि बूट घालून बसणारा. पोरगी त्या पोशाखात कपडे बदलायच्या खोपटातून बाहेर आली आणि ह्याने उठून आपली खुर्ची उलटी फिरवली. पाठ समुद्राकडे, तोंड गावाकडे. सगळ्या इंग्लंडात समुद्रावर जाऊन दुपारभर घरांच्या भिंती बघत बसलेला माणूस हाच एक असेल. तो तसा बसलेला असताना मागे काय झालं हे त्याला कळलं नाही. दगडी कठड्यावर टोपीवाला एक चित्रकार गुडघ्यावर वही ठेवून काहीतरी काढत होता, पण समोर असूनही एनॉकने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

मे महिन्यात मार्नसीचं नवीन पोस्टर आलं. एनॉकने कागद ओलवला, खळ लावली, शिडीवर चढला आणि वरून उलगडत आला. आधी आकाश. वा! मग पाण्याची रेघ, धक्का, दोन होड्या. मग एक हात आला, वर उचललेला, खांद्यापर्यंत उघडा. 'कोण बया ही,' असं म्हणत त्याने नाक मुरडलं आणि कुंचा खाली ओढला. मग चेहरा आला.

केस सोनेरी होते. क्लॅरिसचे तपकिरी. लंडनच्या चित्रकाराने लंडनची कुणी पोरगी काढली असेल, असं त्याने स्वतःला समजावून पाहिलं. पण एवढं आ वासून हाक मारणारी पोरगी लंडनची नसते. असं तोंड उघडणारी आपल्याच विणखात्यातली, आणि ती कोण हे बापाला वेगळं सांगायला नको. खाली तो लाल पोशाख होता, आणि गुडघाभर पाण्यात उभे राहिलेले ते पाय. त्याचं सगळं लक्ष त्या पायांकडे गेलं. चेहऱ्याकडे त्याने पुन्हा पाहिलंच नाही.

पोस्टरबरोबर एक लांब कागदी पट्टी आली होती, 'गिरण्यांच्या सुट्टीच्या खास गाड्या' असं छापलेली. असल्या पट्ट्या पोस्टरच्या खालच्या कडेला लावतात. एनॉकने ती पोरीच्या अंगावर लावली, छातीपासून गुडघ्यापर्यंत. सबंध नोकरीत त्याच्या हातून कधी पट्टी तिरकी गेली नव्हती, ती त्या दिवशी गेली.

संध्याकाळी भोंगा झाला आणि गिरणीची माणसं जिन्यावरून उतरली. पहिल्या पोरीने बघितलं, दुसरीला ढोसलं, आणि पाच मिनिटांत जिन्यावर जत्रा.

"अगं बाई! ही तर आपली क्लॅरिस!"

"केस कधी रंगवलेस गं, क्लॅरिस?"

"आणि एनॉककाकांनी बघा काय केलंय! पोरीला कागदाचा परकर नेसवलाय!"

हसून हसून लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. क्लॅरिसही आधी हसली. खरं सांगायचं तर तिला भारी वाटलं, का वाटू नये? आपण, चार साच्यांची पोर, एवढ्या मोठ्या समुद्रात उभ्या! मग तिने पट्टी नीट बघितली. कडा बघितल्या. एकही फुगा नाही, एकही सुरकुती नाही. आपल्या बापाचा हात तिला ओळखू आला आणि तिचं हसू मावळलं.

घरी सेलिनाने हॉटपॉट, मटण-बटाट्याचं कालवण, वाढलं होतं. एनॉक चुलीतल्या जाळाकडे बघत बसला होता. क्लॅरिस त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याने मान खिडकीकडे वळवली. ती खिडकीकडे गेली. त्याने दाराकडे वळवली.

"आई, सांग त्यांना," क्लॅरिस म्हणाली, "मी काही चोरी केली नाही. भरदुपारी, सगळ्या गावादेखत पाण्यात उभी होते. त्या चित्रवाल्याने मला विचारलंसुद्धा नाही. आणि विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं!"

"झालं! हे शेवटचं पोटात नाही का ठेवता आलं?" सेलिना म्हणाली.

"नाही आलं. आणि हेही सांग. झाकलं त्याचं मला काही नाही. दुसऱ्या कुणी झाकलं असतं तर मी त्याच्या नावाने शिमगा केला असता आणि विसरले असते. पण पट्टी ह्यांनी लावली. माझ्या बापाला माझी लाज वाटली."

सेलिनाने नवऱ्याचा दंड धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि शब्दन् शब्द त्याला सांगितला. त्याने ऐकलं, म्हणजे पाहिलं, आणि जेवायला घेतलं.

टनिक्लिफबाईंना हंगामापुरती एक मुलगी हवी होती. त्यांनी गेल्या ऑगस्टातच क्लॅरिसला विचारून ठेवलं होतं. क्लॅरिसने आता होकार कळवून टाकला. ईस्टरनंतरच्या व्हिटच्या सणाची मिरवणूक झाली की त्याच संध्याकाळच्या गाडीने मार्नसी. हेही एनॉकला सेलिनानेच सांगितलं.

"परत यायचं तिच्या मनात दिसत नाही, एनॉक. काहीतरी बोल तिच्याशी."

"जायचं तर जाऊ दे," एनॉक म्हणाला, आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकला.

इकडे चॅपलमध्ये कुजबुज सुरू झालीच होती. रविवारच्या शाळेचे प्रमुख जोसाया ऑर्मेरॉड स्वतः स्टेशनावर आले. गिरणीत हे हिशेबखात्याचे मास्तर, चॅपलमध्येही मास्तरच. देवासमोर उभे राहिले तरी देवाने हजेरी द्यावी असा चेहरा.

"बंधू पिलिंग, पट्टी लावलीत, योग्य केलंत," ते म्हणाले. "पोस्टर काढायला स्टेशनमास्तर तयार नाहीत, असो. पण व्हिटच्या मिरवणुकीत ह्या वर्षी क्लॅरिसने फीत धरू नये, असं ठरलंय. तुम्हालाही ते पटेलच."

हे जरा सांगायला हवं. व्हिटच्या दिवशी प्रत्येक चॅपलचा रेशमी झेंडा निघतो. घराच्या भिंतीएवढा, दोन खांबांवर ताणलेला. खांब कमरेच्या चामडी पट्ट्यात रोवून दोन दणकट माणसं तो उचलतात, आणि पांढऱ्या झग्यातल्या मुली त्याच्या फिती धरून चालतात. आमच्या चॅपलचा डावा खांब एनॉकचा. त्याच्या बाजूची फीत क्लॅरिस अगदी पोर होती तेव्हापासून धरायची. ती फीत काढून घेणं म्हणजे सगळ्या गावासमोर पोरीला ओळीतून बाहेर उभं करणं.

एनॉकने ऑर्मेरॉडसाहेबांच्या ओठांकडे पाहिलं, सगळं वाचलं, आणि मान डोलावली. हो म्हणून.

त्या शनिवारी तो नेहमीप्रमाणे बादली आणि फडकं घेऊन भिंतीपाशी आला. बाकीची पोस्टरं पुसून झाली. मार्नसीचं राहिलं. काजळी तर बसली होती, सोडायचं कसं? त्याने आकाश पुसलं, होड्या पुसल्या. मग चेहरा. आपल्या लेकीच्या गालावरची काजळी टिपायला त्याला तोंड अगदी जवळ न्यावं लागलं, आणि मग बघण्यावाचून गत्यंतरच नव्हतं.

त्या टोपीवाल्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. केसांचा रंग त्याने मनाने बदलला, पण तोंड जसं होतं तसं काढलं. जबडा सैल सोडलेला, ओठ दोन्हीकडे ताणलेले, खालचे दात दिसतायत, हात उचललेला आणि बोटं आपल्याकडे वळलेली. कुठल्याही परक्या माणसाला ती नुसती हसणारी पोरगी वाटेल. एनॉकने आयुष्य ओठ वाचण्यात घालवलं होतं.

'या!' ती म्हणत होती. 'बाबा, या ना!'

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. मार्नसीची ती दुपार त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. चित्रकार कठड्यावर, पोरगी पाण्यात, आणि दोघांच्या मधे वाळूत खुर्ची. खुर्ची उलटी. क्लॅरिस चित्रकाराला हाक मारत नव्हती. कुणा पोराला मारत नव्हती. ती काळ्या कोटातल्या पाठीला हाक मारत होती, ऐकू येत नाही हे ठाऊक असून, वळेल म्हणून. किती वेळ मारली असेल? चित्र काढून होईपर्यंत तरी नक्कीच. आणि आपण घरांच्या भिंती बघत बसलो.

आमच्याकडचे पुरुष रडत नाहीत. एनॉक खोकला, बराच वेळ खोकला. मग तडक प्रतीक्षागृहात गेला, शेगडीवरची किटली उचलून आणली आणि पट्टीवर कोमट पाणी सोडायला सुरुवात केली.

स्वतःचीच खळ त्याला जड गेली. दुसऱ्या कुणी लावलेली पट्टी एका झटक्यात निघाली असती. ही बोटभर निघायची आणि अडायची. ओढली तर खालचा रंग उपटून येणार, म्हणून तो पाणी सोडत राहिला, थांबत राहिला, नखाने कडा उचलत राहिला. किटल्यांवर किटल्या झाल्या. प्रतीक्षागृहातल्या बायका बाहेर येऊन बघायला लागल्या. शेवटचा कपटा निघाला तेव्हा लाल पोशाखाला ओरखडासुद्धा नव्हता. एनॉकने पोस्टर कोरडं केलं, दोन पावलं मागे आला, आणि भर स्टेशनात, सगळ्यांदेखत, ते डोळे भरून पाहिलं. किती छान दिसतेय, त्याच्या मनात आलं. आणि आपण तिला मालगाडीसारखी ताडपत्री घातली होती!

बातमी त्याच्याआधी चॅपलला पोचली. रविवारी ऑर्मेरॉडसाहेबांनी त्याला दारातच गाठलं. त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

"पिलिंग, ती पट्टी परत लावा. नाहीतर झेंड्याचं काय करायचं याचा आम्हाला विचार करावा लागेल."

एनॉक सहसा आवाज काढून बोलत नसे. आपला आवाज केवढा होतो हे त्याला कळायचं नाही आणि त्याची त्याला शरम वाटायची. त्या दिवशी मात्र तो बोलला, आणि चॅपलच्या माडीवर बसलेल्यांनासुद्धा ऐकू गेलं.

"झेंडा चॅपलचा आहे, उचल म्हणालात तर उचलतो. पोस्टर कंपनीचं आहे, लाव म्हणाले तर लावतो. पोरगी माझी आहे!"

झेंडा त्याच्याकडून कुणी काढून घेतला नाही. त्याच्यासारखा वाऱ्यात खांब पेलणारा दुसरा होता कोण? पण क्लॅरिसची फीत मात्र दुसऱ्या मुलीला देऊन झाली होती. तिथे ऑर्मेरॉडसाहेब तसूभर हलले नाहीत.

आणि क्लॅरिस? पट्टी काढलेली तिने पाहिली होती. एनॉकला वाटलं, आता सगळं निवळेल. तो घरी तिच्यासमोर जाऊन उभा राहिला, तोंड उघडलं, आणि तिने मान वळवली. बापाचीच लेक ती! तिला ऐकू येत होतं, म्हणा. त्याला फक्त मोठ्याने बोलायचं होतं. पण तिच्या पाठीशी बोलायचं म्हणजे तिने ऐकलं की नाही, तिला काय वाटलं, काही म्हणजे काही कळणार नाही. पाठीशी बोलणं काय असतं ते त्याला तेव्हा समजलं. शब्द गिळून तो परत फिरला.

व्हिटचा दिवस उजाडला. ऊन लख्ख, वारा बेतास बात. आधी कॅथलिकांची मिरवणूक गेली, मग बॅप्टिस्ट, मग आम्ही. सगळ्यात पुढे ऑर्मेरॉडसाहेब उंच टोपी घालून, मागे झेंडा, झेंड्यामागे मुली, मुलींमागे ब्रास बँड. एनॉकच्या कमरेत खांब रोवलेला, मानेच्या शिरा ताठ. मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर सेलिना उभी होती, आणि तिच्या बाजूला, जायच्या कपड्यांत, पायाशी पेटी ठेवून, क्लॅरिस. तिची नजर झेंड्यावर होती, झेंड्याखालच्या माणसावर नव्हती.

एनॉक थांबला.

डावा खांब थांबला म्हणजे झेंडा थांबला. उजव्या खांबाचा माणूस अर्धा गोल फिरला. मुली एकमेकींवर आदळल्या, मागे तुतारीवाल्याच्या पाठीत ढोल बसला आणि सूर एक एक करून मेले. पुढे ऑर्मेरॉडसाहेब वळून ओरडत होते, "चला! पिलिंग! अहो चला!" पण ते समोर होते आणि एनॉक डावीकडे बघत होता. बहिऱ्या माणसाला मागून-पुढून कितीही हाका मारा. जन्मात पहिल्यांदा त्याची ती खोड चांगल्या कामी आली.

एवढी शांतता झाल्यावर क्लॅरिसने झेंड्यावरून नजर खाली आणलीच. तिची नजर बापाच्या चेहऱ्यावर आली आणि त्याने ती पकडली. दोन्ही हात खांबाला, त्यामुळे खूण करणं शक्य नव्हतं. त्याने तोंड उघडलं, विणखात्यात उघडतात तसं, भरपूर, सावकाश, आवाज न काढता.

'तू मला हाक मारत होतीस. मी खुर्ची फिरवली. माझं चुकलं, पोरी.'

आता गंमत बघा. मार्केट स्ट्रीटच्या दोन्ही फुटपाथांवर अख्खं ब्रॅकेनशॉ उभं होतं, आणि त्यातल्या प्रत्येकाला ओठ वाचता येत होते. बाप-लेकीचं खासगी बोलणं, एकही आवाज न होता, सगळ्या गावाने ऐकलं. बायकांनी पदराऐवजी हातमोजे डोळ्यांना लावले. पुरुष आपल्या टोप्यांच्या कडा तपासायला लागले.

'मला तुझी लाज नाही वाटत,' तो पुढे म्हणाला. 'त्या भिंतीवर एवढं सुंदर चित्र मी कधी लावलं नव्हतं. ये. माझ्या बाजूला चल.'

क्लॅरिसचा चेहरा रडण्याच्या बेतात होता आणि हसण्याच्याही. तिनेही आवाज न काढताच उत्तर दिलं.

'येते. पण आधी झेंडा सरळ धरा, बाबा, आपलं चॅपल तिरकं झालंय!'

गर्दी फस्सकन हसली. ऑर्मेरॉडसाहेबांना कळेना, कुणी काही बोललं नाही आणि सगळे हसतायत कशाला. ते पहिल्यापासून हिशेबखात्यातले, साच्यावर कधी उभे राहिले नव्हते. क्लॅरिसने पेटी आईकडे दिली आणि रस्ता ओलांडून आली. जिच्या हातात फीत होती त्या मुलीने अर्धी फीत तिच्यापुढे केली. निळ्या प्रवासी कोटातली एक आणि पांढऱ्या झग्यातल्या बाकीच्या, अशी आमची मिरवणूक पुढे निघाली. एनॉकने खांब असा धरला होता की वाऱ्याची काय बिशाद!

ती राहिली का? नाही राहिली. टनिक्लिफबाईंना शब्द दिला होता, आणि खरं म्हणजे तिला जायचंच होतं. काजळी आणि साचे एवढंच आयुष्य आहे असं तिने का मानावं? संध्याकाळी एनॉकने तिची पेटी स्वतः उचलून फलाटावर नेली. सेलिनाने डब्यात पाव-चीज दिलं, दहा सूचना दिल्या, आणि दार लागलं.

सणाची गर्दी होती. डब्याडब्यासमोर माणसं उभी होती, आत पोरंबाळं काचेला नाकं लावून. इंजिनाने शिट्टी फुंकली, वाफ सोडली, आणि सगळ्या फलाटावर एकच कल्ला उडाला. "काय म्हणालीस?" "ऐकू नाही येत!" "काच खाली कर!" "काय? काय?" परगावचे बिचारे पाहुणे कानांमागे हात धरून ओरडत होते आणि चाकांच्या आवाजात त्यांचं बोलणं विरून जात होतं.

एनॉक आणि क्लॅरिस मात्र बंद काचेतून निवांत बोलत होते. पोचल्यावर चहा घे, रिकाम्या पोटी कामाला लागू नकोस, तो म्हणाला. तुम्ही खोकल्याचं औषध घ्या, आईला फसवू नका, ती म्हणाली. गाडी हलली, तो बरोबर चालायला लागला. ऑगस्टात येतो, तो म्हणाला. लवकर या, ती म्हणाली, टनिक्लिफबाई बटाटे कच्चे ठेवतात, लवकर शिजणारे घरून आणा. फलाट संपला तिथे तो थांबला. क्लॅरिसने काच खाली करून मान बाहेर काढली. गाडीच्या खिडक्या लहान लहान होत गेल्या, बाकीच्या माणसांनी रुमाल खिशात घातले आणि घरची वाट धरली. एनॉक एकटा टोकाला उभा होता, तिकडे तोंड करून, आणि त्याचे ओठ हलत होते. मधेच तो थांबायचा, बघायचा, मान डोलवायचा, मग परत काहीतरी सांगायचा. वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत त्यांचं बोलणं चालू होतं.